पॅकेज मंजुरीस्तव सादर

लातूरमध्ये गणिताचा मास्तर असून जो क्लास काढत नाही, त्याच्याकडे लोक संशयानं बघतात. एक तर त्याला गणित येत नसावं, नाहीतर त्याच्यावर केस चालू असावी. आमच्या गल्लीत खाली मेस, वर मुलींचं वसतिगृह आणि गच्चीवर अभ्यासिका नाही अशी घरं दोनच. एक किशनरावांचं, कारण त्यांना घोकणाऱ्या पोरांचा आवाज सोसत नाही. दुसरं गुरुपादप्पा सरांचं. त्यांच्याच वरच्या मजल्यावर मी आणि माझी बायको विमल भाड्यानं राहतो.

शाळा सुटल्यावर मी घरी संगणकावर बारीकसारीक प्रोग्राम लिहितो. पत्ते आणि तंबाखूपेक्षा हे बरं, एवढीच या छंदाला घरात मान्यता आहे.

त्या जूनमध्ये गुरुपादप्पा सरांना किनवटहून एक फोन आला. सर भौतिकशास्त्राचे. नोकरीची शेवटची आठ वर्षं त्यांनी किनवटला मुलींच्या निवासी शाळेत काढली होती. तिथं त्यांनी आयुष्यभर स्वतः रचलेली गणितं आणि प्रश्न टाइप करून सीडींवर साठवले आणि निवृत्त होताना शाळेच्या कपाटात ठेवून आले. फोनवर तिथल्या नव्या विज्ञान शिक्षिका मंजुश्रीबाई होत्या.

"सर, कपाट आवरताना तुमच्या सीडी सापडल्या. एकेचाळीस हायत. पण उघडल्या की नुसती टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं अन् टक्क्याची चिन्हं दिसायलीत. यंदा आमच्या तीस मुली मेडिकलच्या परीक्षेला बसायल्यात. लातूरचे क्लास त्यांना कुठून परवडणार? तुमचे प्रश्न मिळाले असते तर..."

सर फोन घेऊन तसेच जिना चढून वर आले. त्यांचे गुडघे गेलेत. ते जिना चढले म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

मी त्यांना कारण समजावून सांगितलं. त्या काळी मराठी टायपिंग हे एक सोंग होतं. संगणक आत इंग्रजी अक्षरंच लिहायचा आणि फाँट नावाचा रंगारी वरून त्यांना मराठी मुखवटे चढवायचा. तो फाँट बंद पडला, मुखवटे गळाले आणि आतली मंडळी उघडी पडली.

"मग चढवा की परत मुखवटे," सर म्हणाले.

इथंच मी फसलो. "त्यात काय, चार दिवसांचं काम," असं मी म्हणालो. हे वाक्य म्हणणाऱ्या माणसाला कायद्यानं बंदी करायला हवी.

सरांकडे एक सीडी शिल्लक होती. कबुतरं येऊ नयेत म्हणून ती खिडकीत टांगलेली होती. ती पुसून घेतली आणि मी 'लिपीबदल' नावाचा प्रोग्राम लिहिला. पहिला निकाल छापून सरांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"हा विद्याथीर् कोण?"

"विद्यार्थी, सर. रफार जरा घसरलाय."

"जरा? इथं सूर्याचा सूयर् झालाय. धर्माचा धमर् झालाय. रेणुकादास, तुम्ही गणिताचे आहात, मान्य हाय. पण म्हणून मराठीचा इतका सूड?"

रफार जागेवर आणायला चार दिवसांचे तीन आठवडे झाले. पण जमलं. मी मोठ्या ऐटीत मंजुश्रीबाईंना फोन केला, की प्रोग्राम तयार आहे, पाठवतो.

"तसा न्हाई चालायचा सर," त्या कसनुसं हसत म्हणाल्या. "आमच्या लॅबच्या संगणकावर बाहेरचं काही टाकायचं न्हाई, असा वरून आदेश हाय. भांडारातलं असंल तरच टाकता येतं."

"मग सीडी पोस्टानं इकडं पाठवा."

"सीडी डेडस्टॉक रजिस्टरला चढल्यात. शाळेच्या बाहेर न्यायच्या तर वरची परवानगी लागती. मागच्या वेळी तुटकं स्टूल बाहेर काढायला अकरा महिने लागले."

आता हे भांडार काय ते सांगतो. जगभरातले लोक हौसेनं, फुकट प्रोग्राम लिहितात आणि ते कुणीही वापरावेत, बदलावेत, वाटावेत म्हणून एका सामायिक भांडारात ठेवतात. त्या भांडाराला एक व्यवस्थापक प्रोग्राम असतो. आपल्या गंजगोलाईतला जुना दुकानदार कसा, तुरीची डाळ मागितली की मोहरी, हिंग, तेल न विचारता शेजारी आणून ठेवतो, तसा तो मागितलेल्या प्रोग्रामबरोबर त्याला लागणारं बाकीचं सगळं आणून बसवतो. त्यात आपला माल ठेवायचा तर त्याचं गाठोडं, म्हणजे पॅकेज, नियमानं बांधून द्यावं लागतं. ते तपासायलाही हौशी माणसंच असतात. मला वाटलं, हौशी आणि फुकट, म्हणजे नियम कितीसे असणार? दिवाळी अंकाचं संपादक मंडळ हौशी आणि फुकट असतं, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही.

मी अर्ज लिहिला. 'आदरणीय महोदय' इथपासून सुरुवात करून सव्वीस वर्षांची सेवा, सरांचा परिचय, किनवटची भौगोलिक स्थिती असं सगळं इंग्रजीत दोन पानं. सोबत पॅकेज जोडलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. तपासणाऱ्यानं आपलं नाव नुसतं 'टीपॉट' असं लावलं होतं. उत्तर एका ओळीचं:

'धन्यवाद. वर्णनाच्या शेवटी पूर्णविराम देऊ नये.'

मी सव्वीस वर्षं पोरांचे पूर्णविराम नसल्याचे अर्धे गुण कापत आलोय. आणि मला एक चहाची किटली सांगते, पूर्णविराम देऊ नये! मी दोन दिवस उत्तरच दिलं नाही.

"काढा की तो ठिपका," विमल म्हणाली. "ठिपक्यावाचून जेवण अडलंय का?"

काढला. मग किटलीचा दुसरा प्रश्न आला: या प्रोग्रामचा परवाना कोणता?

परवाना हा शब्द किशनरावांच्या कानावर गेला आणि प्रकरण माझ्या हातून सुटलं. किशनराव तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांच्याजोगता एकही कागद गल्लीत हलला नव्हता. ते कुंपणावरूनच म्हणाले, "परवाना म्हणजे स्टॅम्पपेपर आला. नोटरी आली. साध्या कागदावर दिलं तर उद्या तुमच्याच प्रोग्रामवर दुसरा कब्जा सांगंल. चला उद्या."

खरं तर परवाना म्हणजे तयार मजकुरांपैकी एकाचं नाव लिहायचं होतं. पण हे मला पुढं कळलं. त्या वेळी आम्ही कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसलेल्या दस्तलेखकाकडे गेलो. तो पान चघळत टाइप करायला तयार झाला.

"काय करायचंय? वाटणीपत्र का बक्षीसपत्र?"

किशनरावांनी विचार करून सांगितलं, "बक्षीसपत्र."

"मिळकतीचं वर्णन?"

"लिपीबदल," मी म्हणालो.

"चतुःसीमा?"

"नाहीत. ती... हवेत असते."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं. लिहून घेणार कोण?"

"सगळे. जगातलं कुणीही."

"मग सगळ्यांचं आधार कार्ड लागंल," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

शेवटी किशनरावांनी आपल्या जुन्या ओळखीवर प्रतिज्ञापत्र करून घेतलं. 'मी रेणुकादास, राहणार लातूर, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, बदलावे, वाटावे. त्यास माझी अथवा माझ्या वारसांची काही एक हरकत राहणार नाही.' माझा फोटो, डाव्या अंगठ्याचा ठसा आणि साक्षीदार म्हणून किशनराव. मी त्याची स्कॅन केलेली प्रत भांडारात चढवली.

टीपॉटचं उत्तर या वेळी लांब आलं. 'मी बावीस वर्षं हे काम करते आहे. इतका सुंदर परवाना पाहिला नाही. निळा गोल शिक्का कसला आहे? आणि अंगठा कुणाचा? तरीही कृपया यादीतल्या एका परवान्याचं नाव लिहा.' हे सगळं इंग्रजीत होतं, त्यामुळे करते की करतो हे मला कळायचं कारण नव्हतं. मी 'टीपॉट साहेब' असंच लिहीत राहिलो.

परवाना झाला. मग यंत्रानं परीक्षा घेतली. भांडारात प्रत्येक पॅकेज परक्या संगणकावर आधी चालवून बघतात. माझं पॅकेज सगळीकडे नापास. टीपॉटनं कारण शोधलं: माझा प्रोग्राम अक्षरांचा तक्ता माझ्याच संगणकावरच्या 'नवीन फोल्डर २' मध्ये शोधत होता. खाली लिहिलं होतं, 'हा प्रोग्राम फक्त तुमच्या घरात चालतो.'

विमलनं ते माझ्या खांद्यावरून वाचलं. "त्या साहेबांनी तुम्हाला बरोबर ओळखलंय," ती म्हणाली, आणि भाजी परतायला निघून गेली.

तेही दुरुस्त केलं. मग मोहोर जुळेना. पॅकेज बांधल्यावर त्यावर आकड्यांची एक मोहोर बसते. आतला एक कानामात्रा जरी बदलला तरी मोहोर फुटते. आणि प्रोग्राम चालवून बघता यावा म्हणून मी नमुन्याला जोडलेल्या सरांच्या प्रश्नांत, मोहोर बसली रे बसली की, खालून हाक यायची: "रेणुकादास, सतराव्या प्रश्नात 'की'च्या आधी स्वल्पविराम राहिलाय हो!" मी तो टाकायचो. मोहोर फुटायची. असं सात वेळा झालं. आठव्या वेळी मी जिन्यात उभा राहून सरांना हात जोडले. सर म्हणाले, "ठीक हाय, राहू द्या चूक. माझ्या नावावर जगभर चूक फिरंल, इतकंच." मी नवव्यांदा मोहोर काढली.

दसरा झाला, दिवाळी झाली. मंजुश्रीबाई दर रविवारी फोन करायच्या. आधी "झालं का सर?" विचारायच्या, पुढं पुढं नुसतं "सर, कसे हायत?" विचारायला लागल्या, आणि ते जास्त लागायचं. परीक्षा मे महिन्यात होती. किशनराव रोज सकाळी विचारायचे, "फाइल कोणत्या टेबलावर हाय?" मी म्हणायचो टीपॉटच्या. ते म्हणायचे, "समक्ष भेटा. चहा पाजा." किटलीला चहा काय पाजणार?

आणि मग तो रविवार आला.

पूर्णविराम माझ्या मनातून गेला नव्हता, हे खरं. जेवण झाल्यावर सहज भांडार चाळत बसलो, तर काय! इतरांच्या कितीतरी पॅकेजांच्या वर्णनाशेवटी खुशाल पूर्णविराम होते. म्हणजे नियम मला एकट्यालाच? पण मी आकस धरणारा माणूस नाही. मी मनात म्हटलं, वर्गाची शिस्त म्हणून आपणच हे सुधारून द्यावं, सेवा होईल. एका ओळीची आज्ञा लिहिली, की भांडारातल्या प्रत्येक फाइलमधल्या प्रत्येक ओळीच्या शेवटचा ठिपका काढून टाक. बदल मंजुरीला पाठवला आणि समाधानानं आडवा झालो.

अर्ध्या तासानं जाग आली ती विमलच्या ओरडण्यानं. माझा फोन ओट्यावर थरथरत सरकत सरकत जाऊन भिजवलेल्या कणकेत पडला होता आणि तिथंही थांबायला तयार नव्हता.

घडलं होतं ते असं. ठिपके फक्त वाक्यांच्या शेवटी नसतात. प्रोग्रामच्या ओळींच्या शेवटीही काही ठिपके असतात आणि ते तिथं कामाला असतात. माझ्या आज्ञेनं सहा हजार पॅकेजांना हात लागला होता. आणि भांडाराची रीत अशी, की कुणाच्या पॅकेजला हात लागला की त्याच्या मालकाला आपोआप कळवलं जातं. अकराशे लोकांना माझ्या नावानं पत्र गेलं होतं. अकराशे लोक उत्तर देत होते, आणि प्रत्येक उत्तर बाकीच्या सगळ्यांना जात होतं. एकानं विचारलं, 'रेणुकादास हे एखाद्या विषाणूचं नाव आहे का?' दुसऱ्यानं लिहिलं, 'मी लग्नात आहे. माझ्याच.' तिसऱ्यानं फक्त ठिपके पाठवले होते, तीन ओळी भरून.

पाठवलेलं मागं घेता येतं, पण गेलेली पत्रं मागं येत नाहीत. मी कणीक पुसत कोचावर बसलो. किशनराव आवाज ऐकून आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आदरच म्हणावं लागेल.

"अकराशे लोकांना नोटीस? एका दुपारी? तलावाच्या भूसंपादनात आमच्या आख्ख्या कचेरीनं इतक्या काढल्या न्हाईत." मग खाली बसून हळू आवाजात म्हणाले, "आता रजेवर जावा. वैद्यकीय."

मी रजेवर न जाता राजीनामा लिहिला. माझं पॅकेज परत घेत आहे, झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, यापुढं आपल्या भांडाराच्या उंबऱ्याला पाय लागणार नाही. विमलनं तो वाचला. मला वाटलं ती टोमणा मारील. ती म्हणाली, "पाठवायच्या आधी खाली जाऊन सरांना सांगा. किनवटच्या बाईंना काय कळवायचं ते त्यांना ठरवावं लागंल."

मी खाली गेलो. सर आरामखुर्चीत बसले होते. मी सांगितलं. ते रागावले नाहीत. ते जास्त वाईट झालं. "राहू द्या मग," म्हणाले. "तुम्ही लई केलं. असंही ते प्रश्न आता कोण बघून राहिलंय? इथं गल्लीत पोरांना रंगीत छापलेले मिळतात." आणि टेबलावरचं वर्तमानपत्र उलटं धरून वाचायला लागले.

मी वर आलो आणि राजीनाम्यासमोर बसलो. पाठवायचं बटण काही दाबवेना. तेवढ्यात टीपॉटचं पत्र आलं. ते माझ्या एकट्याला नव्हतं, अकराशे जणांना होतं.

'मंडळी, शांत व्हा. माझ्या पहिल्या वर्षी मी भांडारातले झाडून सगळे फाँट पुसले होते. तुमच्यातल्या काही जुन्यांना आठवत असेल. या गृहस्थांनी निदान नियम वाचून चूक केली. लग्नातल्या गृहस्थांचं अभिनंदन; त्यांनी फोन खाली ठेवावा.' आणि मग खाली, मला उद्देशून: 'तुमचं पॅकेज जवळजवळ झालं आहे. एकच शंका. मी नमुन्याचे प्रश्न यंत्राकडून भाषांतर करून वाचले. सगळे पत्र्याच्या शेडबद्दलच का आहेत? ता. क. मी साहेब नाही, बाई आहे. पण ते आदरणीय राहू द्या. मला आमच्याकडं कुणी तसं म्हणत नाही.'

मला ही गोष्ट कधी खटकलीच नव्हती. मी पत्र घेऊन पुन्हा खाली गेलो आणि सरांना विचारलं. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"भूकंपाच्या वेळी मी औसा तालुक्यात होतो. शाळा पडली. माझ्या वर्गात चाळीस लेकरं होती. दिवाळीनंतर हजेरी घेतली तेव्हा सव्वीस." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "मग पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली. तीन वर्षं. पुस्तकात काय, बर्फावरून गाडी घसरती, जहाजाचं वजन किती. त्या लेकरांनी बर्फ कधी बघितला, न्हाई जहाज कधी बघितलं. घरी पत्रा, शाळेत पत्रा. मी म्हणालो, मग पत्रा शिकवू. पत्रा तापतो, प्रसरतो, पावसात वाजतो, वाऱ्यानं उचलतो, खिळा गंजतो. सगळं भौतिकशास्त्र पत्र्यात हाय, रेणुकादास. लेकरं पावसाला भिऊन कानावर हात ठेवायची; मी त्यांना थेंबांचा वेग काढायला लावायचो. हळूहळू हात खाली आले."

मी वर येऊन हे जसंच्या तसं टीपॉटबाईंना लिहिलं. माझं इंग्रजी शाळेतलं आहे, पण त्या दिवशी शब्द शोधावे लागले नाहीत. राजीनामा कुठं गेला ते मला आठवत नाही.

त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी, मी शाळेला निघताना आलं. 'तर मग नमुन्यावर या शिक्षकांचं नाव हवं. लेखक म्हणून पूर्ण नाव घाला आणि मोहोर पुन्हा काढा. ही शेवटची.' मी सायकल भिंतीला टेकवली, खाली सरांना नाव विचारलं. "गुरुपादप्पा पुरे," म्हणाले. मग मी जिना अर्धा चढलो तेव्हा हाक आली, "वडलांचं नाव बी घाला. वीरण्णा. त्यांनीच शिकवलं मला."

त्या दिवशी मी शाळेत पंचवीस मिनिटं उशिरा पोचलो आणि मुख्याध्यापकांनी कारण विचारल्यावर 'पॅकेज' एवढंच सांगितलं. त्यांना वाटलं मला एखाद्या क्लासनं उचललं. आठवडाभर ते माझ्याशी फार गोड वागले.

पॅकेज गुरुवारी मंजूर झालं. किशनरावांनी 'मंजूर' ही पाटी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, जावक क्रमांक लिहून घेतला आणि कारण नसताना गल्लीत पेढे वाटले. आणि पेढे देताना सगळीकडं 'आमचं काम झालं' असं सांगितलं.

शनिवारी सकाळी मी खाली सरांकडं बसलो असताना मंजुश्रीबाईंचा फोन आला. त्यांच्याकडं नेट टेकडीच्या बाजूच्या खिडकीतच येतं. त्या तिथून ओरडून बोलत होत्या. "सर, एक ओळ टाइप केली अन् भांडारातून सगळं आलं! पहिल्या नऊ सीडी उघडल्या. पण इथं भांडण लागलंय. पत्र्याच्या मधोमध खडा पडला तर आवाज वेगळा अन् कडेला पडला तर वेगळा, हा प्रश्न हाय ना? अर्ध्या मुली म्हणायल्यात, पत्रा एकच, मग आवाज बी एकच पाहिजे, सरांचं उत्तर चूक हाय."

"चूक?" गुरुपादप्पा सर ताठ उभे राहिले. कितीतरी वर्षांत त्यांना कुणी चूक म्हटलं नव्हतं. "कोण म्हणून राहिलंय चूक? धरा तो फोन, रेणुकादास. पार्वती, ताट आण गं!"

सरांच्या पत्नी पार्वतम्मा जेवणाचं ताट घेऊन आल्या. सरांनी ते दोन बोटांवर तोललं, चमच्यानं मधोमध एक टोला दिला, मग कडेला एक. मी फोन वर धरून उभा. हात अवघडला होता. सर ताट वळवून वळवून दाखवत होते, कुठला भाग थरथरतो, कुठला स्थिर राहतो, बोट इथं ठेवलं तर काय होतं.

"सर," मी हळूच म्हणालो, "साधा फोन आहे. त्यांना दिसत नाहीये."

"ऐकू येतंय की," सर म्हणाले, आणि फोनकडं तोंड करून, "पोरींनो, माझं ऐकू नका. स्वतः वाजवा अन् मग सांगा."

पलीकडं पावलांची पळापळ, मंजुश्रीबाईंचं "अगं हळू, हळू", आणि किनवटच्या शाळेच्या मेसमधली तीस ताटं एकदम वाजायला लागली.